आजींच्या वहीतील वाघनख, बेडकीचा पाला आणि भूतजटा : जादूटोण्याशी जोडलेल्या वनौषधींची जुनी नावे

आपल्या प्रश्नाचा आशय इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. नागपूरच्या महाल भागातील जुन्या घराची आवराआवर करताना आपल्याला आजींची हस्तलिखित वही सापडली. आजी मूळच्या उमरेडकडच्या. सुईणपण करणाऱ्या आणि मुळ्यापाल्यांच्या जाणत्या म्हणून पंचक्रोशीत ओळखल्या जाणाऱ्या. वहीत वाघनख, उंदीरकान, बेडकीचा पाला, गाईची जीभ, मेंढशिंग, माकडी, भूतजटा, खूनखराबा, कळलावी, मुर्दाडशिंग, हाथाजोडी अशी नावे आहेत आणि काहींच्या पुढे ‘नजरेवर’, ‘बाहेरच्या बाधेवर’, ‘करणी उतरवण्यास’ अशा नोंदी आहेत. घरातील काही मंडळींच्या मते ही करणीची वही असून ती जाळून टाकावी. या नावांमागे खरोखर प्राण्यांचे अवयव आहेत की वनस्पती, युरोपातील चेटकिणींच्या साहित्याची नावे सांकेतिक होती असे जे वाचायला मिळते तसाच हा प्रकार आहे का, आणि वहीचे पुढे काय करावे, हे आपण विचारले आहे.

यादीतील बहुतेक नावे वनस्पतींची आहेत, एक नाव खनिजाचे आहे, आणि एक नाव असे आहे की जे वनस्पतीचे म्हणून सांगितले जाते, पण ज्याच्याखाली बाजारात प्राण्याचा अवयव विकला जातो. त्यामुळे ‘भयंकर नाव म्हणजे आत निरुपद्रवी पालाच असणार’ ही आजकाल फार लोकप्रिय झालेली समजूत मला धोक्याची वाटते. द्रव्यगुण, म्हणजे आयुर्वेदातील औषधी द्रव्यांचे शास्त्र, शिकवताना आणि रुग्ण तपासताना मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे की लोकनाव ऐकून वस्तू ठरवता येत नाही. ते नाव कोणी, कोणत्या गावात, कोणत्या हंगामात आणि कोणत्या कामासाठी घेतले हे कळल्याशिवाय ते नाव अपुरेच असते.

युरोपाकडील प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथेच गैरसमज जास्त आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या सुमारे 1606 च्या नाटकात चेटकिणी कढईत न्यूट नावाच्या पाणसरड्यासारख्या जीवाचा डोळा, बेडकाचे बोट, वटवाघळाची लोकर असे काय काय टाकतात. न्यूटचा डोळा म्हणजे मोहरी, बेडकाचे बोट म्हणजे बटरकप, वटवाघळाची लोकर म्हणजे हॉलीची पाने, अशी एक यादी आज सर्वत्र फिरते. त्या काळच्या इंग्रजी वनौषधिग्रंथांत मोहरीला असे नाव दिलेले आढळत नाही. ही समीकरणे अलीकडची जुळवाजुळव आहे. नाटकातील चेटकिणींचे साहित्य प्रेक्षकाला शिसारी यावी म्हणून निवडलेले आहे, आणि ते तसेच वाचावे. खरी इंग्रजी लोकनावे वेगळी आहेत. फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीला ‘चेटकिणीचे हातमोजे’ आणि ‘मेलेल्या माणसाच्या घंटा’ म्हणत. एका खरखरीत पानाच्या झुडपाला ‘शिकारी कुत्र्याची जीभ’ म्हणत. ही नावे कोणी लपवण्यासाठी पाडलेली नाहीत. पाहणाऱ्याला जे दिसले किंवा ज्याची भीती वाटली ते त्यांत उतरले आहे.

सांकेतिक नावांचा अस्सल पुरावा यापेक्षा कितीतरी जुना आहे आणि तो इजिप्तचा आहे. थीब्ज येथे मिळालेल्या आणि आता नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयात असलेल्या, साधारण चौथ्या शतकातील एका ग्रीक पपायरसात अशी नावे आणि त्यांचे अर्थ ओळीने दिलेले आहेत. लोकांनी उतावळेपणाने जादूचे प्रयोग करू नयेत म्हणून मंदिरातील लेखकांनी ही सांकेतिक नावे वापरली, असे त्या यादीच्या आरंभीच सांगितले आहे. त्यानुसार बबून माकडाचे अश्रू म्हणजे शेपूचा रस, एरीज या युद्धदेवतेचे रक्त म्हणजे घोळ, गरुड म्हणजे रानलसूण, मगरीची विष्ठा म्हणजे इथिओपियाची माती. शेपू आणि घोळ आपण नागपूरच्या भाजीबाजारातून जुडीने आणतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भयंकर नावांचा धाक उतरतो. परंतु त्याच यादीत दोन नोंदी अशा आहेत की ज्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘सापाचे डोके’ म्हणजे जळू, अर्थात एका प्राण्याच्या जागी दुसरा प्राणी. आणि ‘हायरॅक्सचे रक्त’ या सशाएवढ्या प्राण्याच्या नावापुढे चक्क ‘खरोखरच हायरॅक्सचे’ असे लिहिलेले आहे. सांकेतिक नावांची ही इतकी जुनी किल्लीसुद्धा सगळी कुलुपे एका फेऱ्यात उघडत नाही.

आता आजींच्या वहीकडे येतो. त्यातील काही नावे केवळ आकारावरून पडलेली असून त्यांत गूढ काहीच नाही. उंदीरकान म्हणजे उंदीरकानी, संस्कृतातील आखुपर्णी किंवा मूषकपर्णी. ओलसर काळ्या जमिनीवर पसरणारी ही वेल असून तिची लहान, मूत्रपिंडाच्या आकाराची पाने पाहिली की नाव कसे पडले हे विचारावे लागत नाही. गाईची जीभ म्हणजे नागपूरच्या इतवारी बाजारातील काष्ठौषधींच्या दुकानात ‘गावजबान’ म्हणून मिळणारी वस्तू असण्याचा संभव मोठा आहे. हे फारसी नाव आहे, त्याचा अर्थही गाईची जीभ असाच आहे आणि पान हाताला तसेच खरखरीत लागते. बेडकीचा पाला म्हणजे कावळी किंवा मधुनाशिनी ही वेल. तिचे पान चावून वर साखर खाल्ली तर साखरेची गोडी काही काळ मुळीच लागत नाही, कारण पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चवीची जाणीव तात्पुरती बंद करतात. गोड तोंडात मातीसारखे लागते हा अनुभव ज्याने पहिल्यांदा घेतला असेल त्याला ती करामत वाटली असल्यास नवल नाही. माकडी म्हणजे खाजकुहिली. संस्कृतात तिला मर्कटी आणि कपिकच्छू म्हणतात. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

वाघनखावर मात्र थांबले पाहिजे, कारण या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू आहेत. अमरकोशात व्याघ्रनख हा शब्द सुगंधी द्रव्यांच्या ओळीत येतो. बाजारात ‘नखला’ म्हणून मिळणारे आणि धुपात पडणारे ते द्रव्य समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याचे झाकण असते. त्यात वाघही नाही आणि वनस्पतीही नाही. दुसरे वाघनख म्हणजे विंचू किंवा वाघनखी या नावाने ओळखले जाणारे रानटी झुडूप, मार्टिनिया ॲन्युआ. त्याच्या काळ्या, वाळलेल्या फळाला दोन वाकडे आकडे असतात आणि पडीक जागेत चालताना ते कपड्याला धरतात. ही वनस्पती मूळची मेक्सिकोची आहे. म्हणजे तिला प्राचीन तंत्रग्रंथांतील वनस्पती म्हणून विकणारा माणूस अज्ञानाने तरी बोलतो किंवा फसवतो तरी. तिसरे वाघनख म्हणजे कळलावी. तिच्या फुलाच्या वळलेल्या पाकळ्यांमुळे काही भागांत तिलाही हे नाव आहे, आणि ती अत्यंत विषारी आहे. चौथे म्हणजे खरोखरचे वाघाचे नख. ताडोबा आणि पेंच यांच्या मधोमध राहणाऱ्या आपल्या मुलखात ते सोन्यात मढवून गळ्यात घालण्याची हौस होती, आणि आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली तो गंभीर गुन्हा आहे. एका शब्दाच्या या चार अर्थांतील एक सुवासिक, एक जवळजवळ निरुपद्रवी, एक प्राणघातक आणि एक तुरुंगात नेणारा आहे. आजींनी ‘वाघनख, धुरीत’ असे लिहिले असेल तर नखला असण्याची शक्यता अधिक. ‘वाघनख, बांधावरचे’ असे असेल तर विंचू. आणि ‘वाघनख, बाळंतिणीस, बाहेरून’ असे असेल तर कळलावीचा कंद. त्या ओळीतील इतर शब्द न वाचता केवळ नाव शोधणे म्हणजे गावाचे नाव न पाहता आडनावावरून पत्र पोहोचवण्यासारखे आहे.

मेंढशिंगाबाबत असाच, पण लहान पेच आहे. निघंटूंतील, म्हणजे जुन्या औषधिकोशांतील, मेषशृंगी ही सामान्यतः वर सांगितलेली मधुनाशिनीची वेल मानली जाते. परंतु विदर्भाच्या कोरड्या जंगलात ‘मेढशिंगी’ म्हटले की लोक एक झाड दाखवतात, ज्याच्या लांब, वाकड्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या दिसतात. आजी उमरेडच्या होत्या आणि बेडकीचा पाला त्यांनी स्वतंत्र लिहिला आहे, म्हणून त्यांचे मेंढशिंग हे झाडच असावे असे मी मानतो.

भूतजटा हे नाव पाहून घरच्यांना धसका बसला असेल, परंतु भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात जटामांसीचे ते सरळ पर्यायनाम आहे : भूतजटा, जटिला, तपस्विनी. हिमालयातून येणारी ही केसाळ, तपकिरी मुळी आहे. झोप न येणाऱ्याला, घाबऱ्या मनाच्या माणसाला वैद्य ती आजही देतात. ‘मांसी’ शब्दामुळे ती मांसाहारी वस्तू समजून टाळणारे लोकही मला भेटले आहेत. तिचा मांसाशी संबंध नाही. चोरक नावाच्या सुगंधी द्रव्याला अमरकोश ‘राक्षसी’ म्हणतो. जुन्या वैद्यकात ज्या द्रव्याचा वास उग्र, ज्याची धुरी दाट किंवा जे मन आणि झोप यांवर काम करते, त्याच्या नावाला भूत, राक्षस, ग्रह यांपैकी काहीतरी चिकटलेले फार वेळा दिसते, कारण उन्माद, अपस्मार आणि बालकांचे अनेक आजार ‘ग्रहबाधा’ या सदरात मोजले जात. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मानंतर रुग्णाच्या रक्षणासाठी जी धुरी सांगितली आहे तिच्यात गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ, कडुनिंबाची पाने आणि तूप आहे. यातील मीठ, मोहरी आणि कडुनिंब घेऊन आपल्याकडच्या आया आजही मुलाची दृष्ट काढतात. आजींनी ‘नजरेवर’ म्हणून जे लिहिले आहे त्याचा मोठा भाग याच ओळीतला निघेल, आणि तो करणीचा भाग नसून संरक्षणाचा आहे.

खूनखराबा हे नाव कानाला सर्वांत वाईट लागते आणि वस्तू सर्वांत साधी आहे. मराठीत तिला हिरादखण म्हणतात. ही लाल राळ असून ती सोकोत्रा बेटावरील एका झाडापासून किंवा आग्नेय आशियातील वेताच्या जातीच्या वनस्पतीपासून मिळते. अरबीत तिला ‘दोन भावांचे रक्त’ असे नाव आहे आणि इंग्रजीत ‘ड्रॅगनचे रक्त’. रक्तस्राव थांबवण्यासाठी ती वापरली जाई, आणि रंग पाहिला की नावाचे कारण कळते.

आता त्या वनस्पती, ज्यांच्या नावाची भीती पोकळ नाही. वैद्य म्हणून मला त्यांच्याविषयी अधिक बोलावेसे वाटते, कारण ‘करणी’ म्हणून ज्या खुणा गावोगाव सांगितल्या जातात त्यांपैकी पुष्कळ खुणा या मोजक्या वनस्पतींच्या परिणामांशी जुळतात.

कळलावी घराजवळ लावली की घरात भांडणे लागतात, असे आपल्याकडे सर्रास मानतात. नावातील ‘कळ’ भांडणाची आहे तशीच प्रसूतीच्या वेदनेचीही आहे. भावप्रकाशात तिचे एक नाव ‘गर्भनुत्’ आहे, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, आणि अडलेल्या बाळंतपणात तिच्या कंदाचा लेप हातापायांना लावण्याचा उपचार जुन्या ग्रंथांत सांगितलेला आहे. सुईणीच्या वहीत हे नाव असणे अगदी स्वाभाविक आहे. तिच्यात कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असते. कंद पोटात गेला तर काही तासांनी तीव्र उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढे रक्तपेशी घटतात, आणि त्यातून वाचलेल्या माणसाचे केस साधारण दोन आठवड्यांनी झडू लागतात. विषबाधा विसरली गेली, उलट्या थांबल्या, आणि मग अचानक डोक्यावरचे केस हातात येऊ लागले, तर वैद्यक न जाणणाऱ्या कुटुंबाने ते कोणाच्या तरी वाईट नजरेला जोडावे यात त्यांचा दोष थोडा आहे. दोष सुरू होतो तो शेजारच्या विधवेचे नाव घेतले जाते तेव्हा.

बिब्ब्याचे तसेच. मराठवाडा आणि विदर्भात भानामतीची म्हणून जी लक्षणे सांगतात त्यांत अंगावर आणि कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे हे नेहमीचे लक्षण आहे. बिब्ब्याच्या सालीतील तेल कपड्यावर पडले की काळा, धुण्याने न जाणारा डाग पडतो. धोबी त्याचा खुणेसाठी उपयोग करत. तेच तेल त्वचेला लागले की ‘उतते’, म्हणजे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सूज, खाज आणि फोड येतात. लावणे आणि उमटणे यांत वेळ जातो म्हणूनच ते ‘आपोआप’ उमटल्यासारखे वाटते. विशेष असे की हाच बिब्बा लिंबू-मिरचीबरोबर दाराला बांधला जातो, आणि छत्तीसगडच्या सीमेकडे हरेली या सणाच्या दिवशी त्याच्या फांद्या शेतात रोवतात. ज्याचा डंख माणसाला माहीत असतो त्यालाच तो पहारेकरी नेमतो.

खाजकुहिलीच्या शेंगेवरील सोनेरी लव अंथरुणात पडली तर अंगाची आग होते, आणि लव इतकी बारीक असते की शोधूनही सापडत नाही. गुंजेचे बी अखंड गिळले तर कठीण कवचामुळे बहुधा तसेच बाहेर पडते. मात्र तिच्यातील ॲब्रिन हे विष रक्तात गेले तर प्राण जातो. ब्रिटिश काळातील न्यायवैद्यक ग्रंथांत ‘सुई’ हा प्रकार नोंदवलेला आहे : गुंजेच्या भुकटीची वाळवलेली टोकदार सुई जनावराच्या कातडीत टोचली जाई, आणि कातड्याच्या लोभापायी गाई-बैल मारले जात. गोठ्यातील धडधाकट बैल काही दिवसांत मेला, अंगावर जखम दिसत नाही, तर गावाने मूठ मारल्याचा संशय घ्यावा हे समजू शकते. पण तिथे एक साधा, लोभी गुन्हेगार होता.

धोत्रा ही या सर्वांत महत्त्वाची वनस्पती, आणि युरोप व विदर्भ यांना जोडणारा खरा दुवा नावांत नसून इथे आहे. युरोपातील चेटकिणींच्या ‘उडण्याच्या मलमा’त बेलाडोना आणि हेनबेन या वनस्पती असत असे जुने लेखक सांगतात. त्या दोन्ही धोत्र्याच्याच कुळातील असून तिन्हींत ॲट्रोपीन आणि स्कोपोलामाइन याच वर्गाची द्रव्ये आहेत. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते. तो समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेत काहीतरी वेचतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्यातले त्याला फारसे आठवत नाही. संस्कृतात त्याचे नाव ‘उन्मत्त’ असे आहे. जुन्या काळी वाटसरूंना धोत्रा देऊन लुटणाऱ्या टोळ्या होत्या. ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून आणलेल्या माणसाची बाहुली आधी पाहावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, कारण बाहुली विस्फारलेली असेल तर ती वेळ देवऋषीकडे नेण्याची नसून तातडीने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्याची आहे.

आता उलट प्रकार, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. हाथाजोडी ही अमरकंटकाकडच्या एका दुर्मीळ वनस्पतीची, जोडलेल्या हातांच्या आकाराची मुळी म्हणून विकली जाते. शेंदराच्या डबीत ठेवली की धन येते, वशीकरण होते असे सांगतात. प्रत्यक्षात 2017 मध्ये उघड झालेल्या प्रयोगशाळा तपासण्यांनुसार ती नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ‘इंद्रजाल’ नावाची जाळीदार काळी ‘वनस्पती’ चौकटीत बसवून विकतात. ते समुद्रातील काळे प्रवाळ आहे आणि तेही संरक्षित आहे. ‘कोल्ह्याचे शिंग’ तर अस्तित्वातच नाही, कारण कोल्ह्याला शिंग नसते. केसाळ कातड्यात काहीतरी गुंडाळून ते बनवतात. इजिप्तच्या लेखकाने लोकांना जपण्यासाठी पाल्याला प्राण्याचे नाव दिले. आमच्या फुटपाथवरच्या विक्रेत्याने कायद्यापासून स्वतःला जपण्यासाठी प्राण्याला मुळीचे नाव दिले. या व्यापारात दरवर्षी मुकी जनावरे हालहाल होऊन मरतात, आणि गिऱ्हाईक मात्र आपण जडीबुटी घेतली या समाधानात घरी जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुर्दाडशिंग हे नाव वहीत दिसल्यावर मला सर्वांत जास्त काळजी वाटली. ते खनिज आहे, शिशाचे ऑक्साइड. पूर्वी मलमांत पडत असे. बाळगुटीत उगाळायची वनस्पती ‘मुरुडशेंग’, पिळदार शेंगेची. दोन नावे कानाला जवळजवळ सारखी, दोन्ही एकाच दुकानात मिळणारी, आणि एक बाळाच्या पोटातील मुरडा थांबवणारी तर दुसरी त्याच्या मेंदूला कायमची इजा करू शकणारी. आजींच्या नोंदीवरून घरात कोणी गुटी उगाळत असेल तर ती आजच थांबवावी, आणि वहीच्या त्या पानावर लाल शाईने स्पष्ट इशारा लिहून ठेवावा. कळलावी, धोत्रा, गुंज, बिब्बा आणि मुर्दाडशिंग ज्या ज्या ओळीत आहेत ती कोणतीही कृती घरी करून पाहू नये, मग ती बाहेरून लावायची असली तरी.

वही जाळू नये. 1785 मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने फॉक्सग्लोव्हचा हृदयविकारावरील उपयोग शास्त्रीय रीतीने मांडला, त्याचा आरंभ श्रॉपशरमधील एका वृद्ध स्त्रीने गुप्त राखलेल्या घरगुती औषधापासून झाला. त्या औषधात वीसच्या आसपास वनस्पती होत्या, आणि त्यातील काम करणारी कोणती हे त्याने ओळखले. जिला गाव चेटकिणीचे हातमोजे म्हणत होते तिच्यापासून पुढे डिजिटॉक्सिनसारखी हृदयाची औषधे आली. आजींच्या वहीतून तसेच काही निघेल असे वचन मी देत नाही. मात्र उमरेड परिसरातील सुईणी कोणत्या वनस्पती कोणत्या नावाने वापरत याची ती नोंद आहे, आणि अशा नोंदी फार थोड्या स्त्रियांनी लिहून ठेवल्या.

घरच्यांची भीती मी समजू शकतो. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली, आणि अशा संशयाचे पहिले लक्ष्य मुळ्यापाल्यांची माहिती असलेल्या, एकट्या, वयस्क बायका ठरतात. 2013 चा जादूटोणा प्रतिबंधक कायदा याचसाठी आहे. एखाद्या व्यक्तीला चेटूक करणारी ठरवून छळणे हा त्याखाली गुन्हा आहे. वनौषधींची वही बाळगणे हा गुन्हा नाही. घरात कोणी आजींना ‘करणीवाली’ म्हणत असेल तर त्यांना ही गोष्ट शांतपणे, पण ठामपणे सांगावी.

प्रत्यक्ष कामाबद्दल सांगायचे तर प्रथम प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. वहीबरोबर पुड्या किंवा डब्या मिळाल्या असतील तर त्यांचा वास घेऊ नये, चव तर मुळीच पाहू नये. हातमोजे घालून त्या वेगळ्या ठेवाव्यात. हाथाजोडी किंवा खरे नख निघालेच तर ते विकू नये, कोणाला देऊ नये, वनविभागाच्या कार्यालयात लेखी कळवून जमा करावे. ताज्या वनस्पतींसाठी श्रावण-भाद्रपदात उमरेडकडे जावे, कारण कळलावी तेव्हाच फुलावर असते आणि उंदीरकानीही जमिनीवर दिसते. खाजकुहिलीच्या शेंगांसाठी आणि विंचवाच्या वाळलेल्या फळांसाठी हिवाळ्यात दुसरी फेरी करावी लागेल. फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, त्यावर गाव, तारीख आणि सांगणाऱ्याने उच्चारलेले नाव लिहावे, आणि ती विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण विभागात दाखवावी. आजींबरोबर काम केलेल्या बायका गावात असतील तर त्यांच्यासमोर वहीतील नाव वाचून ‘ही कोणती वनस्पती’ असे विचारू नये. मान राखण्यासाठी माणसे कोणतीही एक फांदी दाखवून मोकळी होतात. वनस्पती त्यांच्या हातात द्यावी, तिला काय म्हणतात आणि ती कशाला लागते हे त्यांना बोलू द्यावे, आणि वही त्यानंतर उघडावी.